जुनं आर्केड कॅबिनेट वाचवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजवर मी चार कॅबिनेटं, म्हणजे नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं, उभी केली आणि एक बिघडवलं. खालचे प्रश्न लोक मला विचारतात. त्यातले निम्मे कधीकाळी मीही कुणाला तरी विचारले होते. जिथे एका ओळीत भागतं तिथे एका ओळीतच उत्तर दिलंय. पिक्चर ट्यूबबद्दल मात्र लांबण लावलीय, कारण तिथली चूक निस्तरायला माणूस उरेलच असं नाही.

एक जुनं कॅबिनेट मिळतंय, पण फारच कळकट आहे. घ्यावं का?

कळकटपणाकडे बघू नका. टॉर्च घ्या, मागचं दार उघडा आणि आत बघा. लाकूड सुतारकामाने सुधारतं, वायरी नव्याने ओढता येतात, बटणं नवी मिळतात. नवी मिळत नाही ती पिक्चर ट्यूब, कारण तिचं उत्पादन केव्हाच थांबलं. म्हणून मी सगळ्यात आधी ट्यूबची मान बघतो, म्हणजे मागचा बारीक काचेचा नळकांडा. तो तडकला असेल तर ट्यूब गेली. काही ट्यूबमध्ये मानेजवळ काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग दिसतो. तो चंदेरी असेल तर आतला निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत शिरलीय आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर गेमचा बोर्ड म्हणजे ज्यावर गेम चालतो ते सर्किट, वरची मार्की म्हणजे उजेड पडणारी नावाची पाटी, आणि कंट्रोल पॅनल म्हणजे जॉयस्टिक-बटणांची फळी. हे तिन्ही जागेवर असतील तर बाकीचं घाण म्हणून सोडून द्या. आतल्या भिंतीवर स्टेपल मारलेला एखादा पिवळा पडलेला लिफाफा दिसला तर तो आधी ताब्यात घ्या. त्यात बहुतेक वेळा मूळ मॅन्युअल आणि सर्किटचे नकाशे असतात, आणि साफसफाई करताना पहिला कचऱ्यात जातो तो हाच लिफाफा.

हे मुळात कोणत्या गेमचं कॅबिनेट आहे, कसं ओळखायचं?

समोर जो गेम दिसतोय त्यावर जाऊ नका. गेमची कमाई घटली की मालक अख्खं खोकं फेकत नसत. बोर्ड, मार्की आणि कंट्रोल पॅनल बदलून त्याच खोक्यात नवा गेम बसवायचे. १९८५च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ हे वायरिंगचं प्रमाण आणलं, ५६ पिनांचा एकच कनेक्टर, आणि बोर्डांची अदलाबदल तर फारच सोपी झाली. त्यामुळे काळ्या रंगाने सरसकट माखलेल्या एखाद्या मारामारीच्या गेमखाली १९८१चं कॅबिनेट दडलेलं असू शकतं.

खुणा बघा. मागच्या बाजूला सिरियल नंबरची पट्टी, कंट्रोल पॅनलखालून दिसणारी बुजवलेली भोकं, आणि कडेच्या फळीचा आकार. हा आकार कंपनीगणिक आणि गेमगणिक वेगळा असायचा. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाका. वरच्या रंगाखाली जुनं चित्र असेल तर त्याच्या रंगाच्या कडा बारीक उंचवट्यांसारख्या उठून दिसतात. मला एकदा अशीच एका शेपटीची रेघ दिसली होती आणि मग रात्रभर झोप लागली नाही.

घरी आणताना काय काळजी घ्यायची?

उभ्याने आणा. ट्यूबचं वजन पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे कॅबिनेट तोंडावर आडवं करायचंच नाही. अगदीच इलाज नसेल तर पाठीवर, खाली जाड गादी घालून. वजन सहज शंभर किलोच्या वर भरतं, म्हणून दोन माणसं आणि पट्ट्याची ढकलगाडी हवीच. निघण्यापूर्वी बोर्ड काढून वेगळा घ्या, स्थिर विद्युत रोखणाऱ्या पिशवीत. आणि दाराचं माप आधी घ्या. हसू नका, मी घेतलं नव्हतं.

आणल्या आणल्या प्लग लावून बघितला तर?

कॅबिनेट मरतात ती याच पाच मिनिटांत. दहा-वीस वर्षं बंद पडलेल्या यंत्राच्या पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर सुकलेले असतात, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, आणि मधल्या काळात कुणीतरी फ्यूजच्या जागी चंदेरी कागद गुंडाळलेला असतो. हे शेवटचं मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये. एकदा त्याच्याही पुढची पायरी पाहिली: फ्यूजच्या जागी मापात कापलेला खिळा.

आधी नुसत्या डोळ्यांनी तपासा. मेनची वायर, तिचं इन्सुलेशन, अर्थिंगची तार धातूच्या भागांना खरोखर जोडलेली आहे का, प्रत्येक फ्यूज त्याच्या शेजारी छापलेल्या अँपिअरचाच आहे का. मग बोर्डाचा आणि मॉनिटरचा कनेक्टर काढून ठेवा आणि फक्त पॉवर सप्लायला वीज द्या, तीही सिरीज लॅम्पमधून. म्हणजे मेनच्या एका तारेत ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब ओळीने जोडायचा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि सगळी वीज स्वतःवर घेतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. पुढे मॉनिटर जोडल्यावर हा क्षणभराचा उजेड जरा जास्त दिसेल. ट्यूबभोवतीची डिगॉस कॉइल, म्हणजे पडद्यावरचं नको ते चुंबकत्व घालवणारी, सुरुवातीला जोराचा करंट खेचते म्हणून तसं होतं, घाबरू नका.

मग मीटर लावून ५ आणि १२ व्होल्ट मोजा. आकडे बरोबर आले तरच बोर्ड जोडायचा.

व्होल्टेज कोणतं आहे हे कसं कळेल?

मागची पट्टी वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. ही यंत्रं देशोदेशी फिरली आहेत. जपानी कॅबिनेट १०० व्होल्टवर चालतं, अमेरिकन ११० ते १२० वर, आणि जगाच्या बऱ्याच भागात घरात २२० ते २४० येतात. पुष्कळ ट्रान्सफॉर्मरना वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी वेगवेगळी टोकं दिलेली असतात, आणि मधल्या मालकाने कोणतं वापरलंय हे वायर हाताने माग काढत गेल्याशिवाय कळत नाही. मार्कीमागच्या ट्यूबलाइटचा चोकही तपासा. तो बऱ्याचदा वेगळ्या टोकावर असतो आणि विसरला जातो.

आत उंदरांचं घरटं आहे.

कोरडं झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. उंदरांच्या मूत्रातून आणि लेंड्यांतून हंतासारखे विषाणू पसरू शकतात, आणि ते धुळीबरोबर श्वासात जातात. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि मास्क घालून, आधी घरटं जंतुनाशकाने ओलं करा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि मग ओल्या कागदाने उचला. पिशवी घट्ट बांधून फेका. तळाशी जुनी नाणी सापडतील. ती धुऊन ठेवून द्या.

किल्ली नाही.

नाण्यांच्या दाराच्या आत, एका आकड्यावर मागच्या दाराची किल्ली टांगलेली असायची अशी पद्धत होती. म्हणजे एकच कुलूप फोडायचं. साधं कॅम लॉक असतं. मधोमध ड्रिल चालवलं की सुटतं आणि त्याच मापाचं नवं बसतं. पहारीने दार उचकटू नका. वाकलेलं दार पुन्हा कधीच नीट बसत नाही.

बंद मॉनिटरमध्येही वीज साठून राहते, हे खरं का?

खरं. पिक्चर ट्यूब स्वतःच एक कॅपॅसिटर असते. काचेच्या आतून एक वाहक थर, बाहेरून काळा ग्रॅफाइटचा थर, मध्ये काच. १९ इंची रंगीत ट्यूब चालू असताना अॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो टिकू शकतो. हा दाब तयार करणाऱ्या काही फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमध्ये ही वीज हळूहळू निचरून टाकणारा रेझिस्टर असतो, काहींत नसतो. आपल्यात आहे असं कधीही धरून चालू नका.

निचरा करायची रीत अशी. प्लग भिंतीतून उपसून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. लांब दांड्याचा, चांगल्या मुठीचा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली जाड वायर घ्या. एक क्लिप ट्यूबच्या पाठीवरून ताणलेल्या उघड्या तारेच्या वेणीला लावा, दुसरी स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडाला. वेणीला म्हणजे वेणीलाच. मॉनिटरच्या सर्किट बोर्डावरच्या भलत्याच ग्राउंडला लावलीत तर तो झटका नाजूक भागांतून जाईल. आता एक हात पाठीमागे. दुसऱ्या हाताने मूठ धरून स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवा, आतल्या धातूच्या आकड्याला टेकेपर्यंत. ‘चट्’ असा आवाज येईल, किंवा येणारही नाही. काही सेकंद तसंच धरा. पाच-दहा मिनिटांनी तीच कृती पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला भार हळूच परत वर येतो. मग मॉनिटरच्या बोर्डावरचा मोठा फिल्टर कॅपॅसिटर मीटरने मोजा. त्याच्यात शंभराहून जास्त व्होल्ट असू शकतात आणि वरच्या निचऱ्याशी त्याचा काही संबंध नसतो.

आणखी दोन गोष्टी. ट्यूब उचलायची ती पुढच्या कडांनी, मानेला धरून कधीच नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आत निर्वात असल्यामुळे ती फुटली तर काच आधी आत कोसळते आणि मग चौफेर उडते. दुसरी गोष्ट, अनेक आर्केड मॉनिटरांची चासी, म्हणजे सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, थेट मेनशी जोडलेली असते आणि कॅबिनेटमधल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या भरवशावर ती सुरक्षित राहते. असा मॉनिटर बाहेर काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटवर चालवला तर चासीचं लोखंड जिवंत होतं.

हे सगळं पहिल्यांदा करताना जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची कामं केलेलं कुणीतरी शेजारी उभं करा. वाचून येणारं काम नाही हे.

कॅपॅसिटर सगळेच बदलायचे का?

मॉनिटरच्या चासीवरचे इलेक्ट्रोलिटिक, हो, सगळे, एका बैठकीत. त्यांच्यातलं रसायन उष्णतेने सुकतं, आणि एकेक शोधून बदलत बसण्यात महिना जातो. मूल्य तेच, व्होल्ट तेवढेच किंवा वरचे, तापमान १०५ अंशांचं. एक काढायचा, एक लावायचा, दिशा बघून. उलटा लागलेला कॅपॅसिटर फुगतो आणि फुटतो. सिरॅमिक आणि फिल्मचे कॅपॅसिटर सहसा ठणठणीत असतात, त्यांना छेडू नका. गेमच्या बोर्डावर मात्र मी हात आखडता घेतो. तिथे दुखत असेल तरच औषध.

पडद्यावर फक्त एक रेघ दिसते. किंवा चित्र पळतं. किंवा एक रंगच नाही.

एकच रेघ म्हणजे उभं डिफ्लेक्शन, ट्यूबमधला झोत वर-खाली फिरवणारं सर्किट, बंद पडलं. ट्यूब आडवी बसवलेली असेल तर रेघ आडवी दिसते; पॅक-मॅनसारख्या गेममध्ये ट्यूब ९० अंशांत फिरवून बसवलेली असते, तिथे रेघ उभी दिसते, आणि नवशिका हमखास भलतंच सर्किट तपासत बसतो. रेघ दिसताक्षणी ब्राइटनेस उतरवा किंवा बंद करा, नाहीतर ती फॉस्फरवर, म्हणजे पडद्याच्या आतल्या उजळणाऱ्या थरावर, कायमची उमटेल.

चित्र वर-खाली पळत असेल तर सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारा ताळमेळ. आधी नुसती होल्डची कळ फिरवून बघा. कडा लाटांसारख्या हलत असतील तर फिल्टर कॅपॅसिटर. एखादा रंग गायब असेल तर वीज बंद करून त्या रंगाची आणि दुसऱ्या एखाद्या रंगाची वायर आपसात बदला. बदलल्यावर दुसरा रंग गायब झाला तर दोष गेमच्या बोर्डात, तोच रंग गायब राहिला तर मॉनिटरमध्ये. दोन मिनिटांत अर्धी शोधाशोध वाचते. मानेत केशरी उजेडच दिसत नसेल तर बहुधा हीटरला वीज पोचत नाहीये.

आणि कॅबिनेटवर थाप मारली की चित्र येतं, हा तर जगन्मान्य आजार. ड्राय सोल्डर. चासी काढून कनेक्टरच्या पिनांखालचे डाग भिंगातून बघा. पिनेभोवती केसाएवढं काळं वर्तुळ दिसेल, तिथे कथील तडकलंय. जुनं कथील शोषून घ्या, नवा डाग द्या. मी दुरुस्त केलेल्या मॉनिटरांपैकी एक तर निव्वळ अशा सहा डागांवर उठून बसला. त्याच्यासाठी मागवलेले सगळे सुटे भाग अजून डब्यात आहेत.

मॉनिटरमधल्या कॉइलचे फेराइट गाभे फिरवायचे असतील तर प्लास्टिकचं हत्यार वापरा. लोखंडी पान्ह्याने गाभा तडकतो आणि तिथेच अडकून बसतो.

ट्यूबऐवजी एलसीडी लावला तर काय बिघडतं?

ट्यूब जिवंत असेल तर लावू नका, हे माझं मत. जुने गेम १५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या आडव्या स्कॅनवर चित्र काढतात आणि त्यातली चित्रं ट्यूबवर पसरलेल्या ठिपक्यांचा हिशोब धरून रंगवलेली आहेत. सपाट पडद्यावर तीच चित्रं विटांसारखी चौकोनी दिसतात. १९७९चा ॲस्टरॉइड्स किंवा १९८१चा टेम्पेस्ट असेल तर प्रश्नच मिटला. ते व्हेक्टर गेम आहेत. इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेघा ओढतो, आणि त्या धारदार उजळ रेघेची सर एलसीडीला येत नाही. बंदुकीचे गेमही चालणार नाहीत, कारण पुष्कळ बंदुका पडद्यावरून झोत केव्हा गेला त्या वेळेवरून नेम ओळखतात.

ट्यूब खरोखर मेली असेल आणि दुसरी मिळत नसेल, तर लावा. फक्त लाकूड कापू नका, जुना साचा फेकू नका. उद्या ट्यूब मिळाली तर परत बसवता यायला हवी.

बंद पडद्यावरही जुन्या गेमची छाप दिसते. ती जाते का?

नाही. तिथलं फॉस्फर झिजलंय. १९८०च्या पॅक-मॅनचा चक्रव्यूह अशा कितीतरी ट्यूबवर कायमचा बसलेला आहे. तोच गेम चालवणार असाल तर छाप रेघांखाली झाकली जाते. दुसरा गेम चालवणार असाल तर योक (मानेवरची कॉइल) आणि मानेच्या पिना जुळणारी ट्यूब जुन्या टीव्हीतून काढून बसवणारे लोक आहेत, पण ते निवांतपणे करायचं काम आहे. मला स्वतःला ती छाप आवडते.

वीज आहे, मॉनिटर ठीक आहे, पण बोर्ड चालू होत नाही.

पाच व्होल्ट बोर्डावरच मोजा, सप्लायवर नाही. सप्लायवर ५.०५ आणि बोर्डावर ४.६ असं मी पाहिलंय. मधले ०.४५ व्होल्ट जळलेल्या कनेक्टरने खाल्ले होते. अशा वेळी सप्लायचा स्क्रू पिळून आकडा वर नेऊ नका, आधी कनेक्टर सुधारा. बोर्डावर ५ ते ५.१ उत्तम; ५.२५च्या वर चिप्सच्या जिवाशी खेळ. पॅक-मॅनच्या बोर्डाला कमी दाबाची एसी वीज थेट ४४ पिनांच्या कनेक्टरातून जाते आणि डीसी बोर्डावरच तयार होते. त्यामुळे त्याच्या कडेच्या त्या पिना जळून तपकिरी झालेल्या सर्रास दिसतात.

कडेचे संपर्क मऊ पांढऱ्या खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग आधी फोटो काढून सॉकेटमधल्या चिप्स थोड्या उचलून परत दाबा. पायांवरचा गंज एवढ्यानेच घासला जातो आणि कधीकधी बोर्ड तेवढ्यावरच उठतो. चिपच्या एका टोकाची खाच कुठल्या दिशेला आहे ते दोनदा बघा. उलटी बसवून वीज दिली की ती गेली. काही चिप्सच्या डोक्यावर स्टिकर असतो, तो सोलू नका. त्याखाली काचेची खिडकी असते आणि अतिनील उजेडाने आतला गेमच पुसला जाऊ शकतो.

एवढं करूनही नुसता कचरा दिसत असेल तर तो कचरा नीट बघा. स्थिर असेल तर प्रोसेसर धावत नाहीये. दर थोड्या वेळाने पडदा झटकून पुन्हा तसाच भरत असेल तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या प्रोसेसरला पुन्हा सुरू करणारं सर्किट, त्याला सारखं रीसेट करतंय. मग रॉम आणि रॅम तपासा. रॉम प्रोग्रामर या यंत्राने वाचून तिचा चेकसम, म्हणजे आतल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, मेम या एम्युलेटरच्या (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीशी ताडून बघता येतो. १९९७पासून जमत आलेली ती यादी दुरुस्ती करणाऱ्यांना देवासारखी आहे. बोर्डावर सेल्फ-टेस्टचं बटण असेल तर तो कोणती चिप गेली तेही सांगतो. आणि वीज चालू असताना बोर्डाचा कनेक्टर काढायचा-घालायचा नाही, कधीच.

बोर्डावर बॅटरी आहे. काढू का?

गुणांची नोंद ठेवणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर आजच काढा. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. गळलेलं असेल तर हिरवट थरावर पांढरं व्हिनेगर लावा, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा.

पण थांबा, आधी बोर्ड कोणता ते ओळखा. कॅपकॉमचा १९९३पासूनचा सीपीएस-२ आणि सेगाच्या सिस्टिम १६चे काही बोर्ड बॅटरीवर गेमची गुप्त किल्ली जिवंत ठेवतात. ती बॅटरी काढली की बोर्ड मुका होतो. म्हणूनच तिला आत्मघाती बॅटरी म्हणतात. आता सीपीएस-२च्या किल्ल्या छोट्या मायक्रोकंट्रोलरने पुन्हा भरता येतात, म्हणजे बोर्ड कायमचा मेला असं होत नाही. तरी सुरुवातीलाच ते ओढवून का घ्या?

जॉयस्टिक आणि बटणं नवीच टाकावीत का?

आधी जुनी उघडा. जुन्या यंत्रांत बहुधा लीफ स्विच असतात, दोन लवचिक पट्ट्या टेकतात आणि काम होतं, आवाज न करता. संपर्कांमध्ये जाड कोरा कागद धरा, पट्ट्या हलके दाबा आणि कागद ओढून घ्या. काळी रेघ निघते. कानस किंवा पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा जातो. नंतरच्या यंत्रांतले टकटक वाजणारे मायक्रोस्विच सरळ बदला.

चार दिशांच्या गेमला आठ दिशांची जॉयस्टिक लावू नका. पॅक-मॅन वळणावर अडखळायला लागतो आणि लोकांना वाटतं बोर्ड बिघडलाय.

तळाचं लाकूड फुगलंय.

पार्टिकल बोर्ड पाणी प्यायला की बिस्किटासारखा फुटतो, तो परत बसत नाही. सडलेला भाग सरळ रेषेत कापून टाका, त्याच जाडीची नवी पट्टी डॉवेल आणि गोंदाने जोडा, सांध्यावर लांबी भरा, घासा. नुसता वरचा थर सुटला असेल तर गोंद आत सोडून शिकंजात रात्रभर आवळून ठेवा. खाली पाय लावा म्हणजे पुन्हा फरशी पुसताना पाणी शोषणार नाही.

कडेची प्लास्टिक पट्टी, टी-मोल्डिंग, नवी मिळते. फळीची जाडी आणि खाचेची रुंदी दोन्ही मोजूनच घ्या. वळणावर आतल्या दात्याला कात्रीने छोटे काप द्या आणि केसांच्या ड्रायरने ऊब द्या, मग ती फुगवटा न धरता वळते.

बाजूची चित्रं नव्याने छापून चिकटवू का?

नव्वद टक्के चित्र शिल्लक असेल तर हात लावू नका. खरचटलेली जागा जुळणाऱ्या रंगाने टिंबटिंब भरा. जॉयस्टिकच्या डावीकडे सिगारेट टेकवल्याचे ते लांबट काळे डाग असतात ना, ते मी तसेच ठेवतो. नवी चित्रं चिकटवलेलं कॅबिनेट छान दिसतं, पण मग ते कालच बनल्यासारखं दिसतं.

वरून रंग मारलेला असेल तर खालचं चित्र उघडं करता येतं, पण कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर चाचणी करा. मूळ चित्राच्या रंगावर वार्निश असेल तर नशीब. नसेल तर रंग काढणारं रसायन दोन्ही थर एकदम घेऊन जातं. काहीही करण्यापूर्वी प्रत्येक चित्राचा मोजपट्टी ठेवून समोरून फोटो घ्या. स्पेस इन्व्हेडर्ससारख्या १९७८च्या गेममध्ये कृष्णधवल पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या असत. त्या मळकट प्लास्टिक समजून फेकू नका, गेमचे रंग म्हणजे त्याच.

मार्की आणि पडद्याभोवतीची काच कशाने पुसायची?

सुरुवातीला म्हटलं ते एक बिघडवलेलं कॅबिनेट हेच. काच काढली, टेबलावर उपडी ठेवली, काच पुसायचा फवारा मारला आणि मऊ कपड्याने पुसली. दुसऱ्या फेरीत कपडा लाल झाला. तिसऱ्या फेरीत नावातलं एक अक्षर कपड्यावर होतं, उलटं. ही चित्रं काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या मागच्या बाजूने छापलेली असतात, आणि तीस-चाळीस वर्षांनी ती शाई नुसती टेकलेली असते. पुढची बाजू ओल्या कपड्याने पुसा. मागच्या बाजूला मऊ कोरडा ब्रश, तोही शाई सुटत नसेल तरच. सुटत असेल तर आहे तशी स्कॅन करून ठेवा आणि हलवू नका. अॅक्रिलिकला अमोनियाचा फवारा पुढूनही नको, ते धुरकट होतं.

मागची ट्यूबलाइट एलईडीने बदलायला माझी हरकत नाही. उष्णता कमी, रंगही कमी उडतात. चोक आणि स्टार्टर मात्र वायरिंगमधून नीट बाद करा.

मूळ बोर्डच नाही. छोटा कॉम्प्युटर बसवून शेकडो गेम चालवू का?

चालवा. पण जुनी वायरिंग कापू नका. जामाचा कनेक्टर असेल तर त्यालाच लागणारे अडॅप्टर मिळतात आणि ट्यूबही वापरता येते. १९९१च्या स्ट्रीट फायटर टूसारख्या सहा बटणांच्या गेमला जामाच्या पिना पुरत नाहीत. उरलेल्या बटणांची वेगळी वायर येते, तेव्हा कंट्रोल पॅनलला नवी भोकं पाडायच्या आधी दुसरं पॅनल बनवून घ्या. मूळ पॅनल गुंडाळून मागे ठेवा.

एकूण किती वेळ लागेल?

वाटतं त्याच्या तिप्पट. त्यातला बराचसा वाट बघण्यात, सुटे भाग यायची, रंग वाळायची.

नाणं टाकायची यंत्रणा ठेवू की सरळ फ्री प्ले?

पुष्कळ बोर्डांवर डिप स्विचने, म्हणजे बोर्डावरच्या बारीक खटक्यांनी, फ्री प्ले (नाण्याशिवाय खेळ) करता येतं. तरी यंत्रणा ठेवा. साफ करताना तेल घालू नका, तेलावर धूळ चिकटते आणि नाणं मध्येच अडकतं. साबणपाणी, ब्रश आणि पूर्ण वाळवणं पुरे. नाणं घसरत जातं तिथे तारेचा एक बारीक हात असतो, तो वाकलेला असेल तर बोटाने हलकेच सरळ करा. दाराच्या आत आकड्यांचा छोटा यांत्रिक मीटर असतो. प्रत्येक नाण्याला ‘टक्’ करून एकाने पुढे जातो आणि मागे फिरत नाही. माझ्या पहिल्या कॅबिनेटमधला ४१,८०७वर थांबलेला होता. वरच्या झाकणावर एक वाटी ठेवलीय, त्यात आतून निघालेली जुनी नाणी आहेत. पाहुण्यांची मुलं तीच टाकतात, वाटी रिकामी झाली की मी दार उघडून पुन्हा भरतो. काल मीटर ४३,००० ओलांडून गेला.